मामांच्या अंगणातली कातीण

पाहुण्याच्या हातात पाण्याचा तांब्या देण्याआधी त्याला जमिनीतलं बीळ दाखवणारा गृहस्थ अख्ख्या अर्नाळा बेटावर एकच, तो म्हणजे, पोरांनो, तुमच्या आईचे मामा. मी पहिल्यांदा होडीतून उतरून, साडी सावरत त्यांच्याकडे गेले, तेव्हा दाराच्या उजव्या हाताला उकिडवं बसून त्यांनी मला माती दाखवली. मला मातीच दिसली. मग त्यांनी काडीच्या टोकानं एक झाकण हळूच उचललं आणि मी चष्मा पुसला. दहाच्या नाण्याएवढं मातीचं दार, त्याला रेशमी धाग्यांची बिजागरी, आत रेशमाचंच अस्तर. हे घर एका कातिणीचं, म्हणजे तुमच्या पुस्तकातल्या कोळ्याचं. झाकण मिटलं की बोट टेकवूनही सापडत नाही. आमच्या माणिकपूरच्या फ्लॅटची दारं पावसाळ्यात फुगतात, ती सुताराच्या बापालाही बसवता येत नाहीत. ही जात फक्त आपल्या बेटावरची, असं मामा म्हणाले. मला ती बढाई वाटली. पण पुढे कॉलेजची मुलं कॅमेरे घेऊन आली, तीही म्हणाली की अजून दुसरीकडे कुठे ती सापडलेली नाही. मादी सारा जन्म एकाच बिळात काढते, अंगानं वाढेल तसं घर रुंद करते. उतारवयात ते मोडलं, तर नवं खणणं तिला जमेलच असं नाही.

हे कळल्यावर मामांनी कोंबड्या देऊन टाकल्या, जाळी दुरुस्त करायला घरामागे बसू लागले, आणि मामींच्या झाडूला त्या कोपऱ्यात मज्जाव केला. मोबाइलवर बोलत येरझाऱ्या घालणाऱ्या मेहुण्याला ते हाताला धरून खुर्चीत बसवायचे. मामी मला म्हणाल्या, "माझ्या सासूनंपन एवढा धाक नव्हता घातला."

मग एकुलत्या एक लेकीचं लग्न ठरलं. जावई मस्कतला. मांडवाची मेढ दाराच्या उजव्या हाताला पुरायची, हा त्यांच्याकडचा रिवाज. भावकीतले वडीलधारे पहार घेऊन आले, तर मामा नेमके तिथेच मांडी घालून बसलेले. दोन हात सरकवू म्हटलं, तरी पहारीच्या दणक्यानं बीळ ढासळेल म्हणून ते उठेनात. अपशकून होईल म्हणून मामी रडवेल्या झाल्या; कुणी म्हणालं, आता किड्यालाच अक्षता द्या. शेवटी नवरी तेलानं माखलेल्या केसांनिशी बाहेर आली.

"बाबा, उठा. मेढ डावीकडं पुरा," ती म्हणाली. "मी तर घर सोडून चाललेच हाय. तिला कशाला घालवायची?"

मामींनी डोळे पुसले आणि हळदकुंकवाचं ताट उचलून डाव्या बाजूला नेलं.

लग्नानंतर नवरानवरीची होडी सुटली, तशी मंडळी किनाऱ्यावर हात हलवत राहिली. मामा मात्र तिथे थांबले नाहीत. मी पिशवी घ्यायला परत आले, तेव्हा दिवेलागण झाली होती आणि ते अंगणात एकटेच उकिडवे बसले होते. मीही शेजारी बसले. बऱ्याच वेळानं मातीचं झाकण नखभर उचललं गेलं, दोन काळेभोर पाय उंबऱ्याशी आले आणि तसेच थांबले. मागे दारात मामी पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

मामा वळले नाहीत. नुसतं हळूच म्हणाले, "हाय. घरात हाय."