आईनं नंदीच्या कानात काय सांगितलं

मंडळी, नंदीच्या कानात सांगितलेलं गुपित तुमच्या घरी कधी फुटलंय का? आमच्याकडे आज फुटलं.

सत्तरच्या दशकात, लग्न झाल्या झाल्या, आई-बाबा उमरेडहून एसटीनं नागपूरला आले आणि नाग नदीकाठच्या जुन्या महादेवाला गेले. आई नंदीच्या कानात काहीतरी पुटपुटली. काय ते बाबा इतकी वर्षं विचारत होते, ती सांगत नव्हती.

आज मी दोघांना तिथंच नेलं. नदीचा वास सोडला तर देऊळ अजून देखणं आहे. आईनं नंदीचा एक कान तळहातानं झाकला आणि दुसऱ्याला तोंड लावलं. पण हल्ली तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे बाबांकडे बोट दाखवत केलेली तिची कुजबुज अख्ख्या देवळानं ऐकली.

"देवा, तेच मागून राहिली पुन्हा. ह्यायच्या आधी मले नेऊ नको. ह्यायले चहा बी मांडता येत नाही!"

लोक हसले. बाबा खांबाकडे बघत राहिले.

घरी आल्यावर ते गुपचूप स्वयंपाकघरात शिरले आणि गॅसवर चहासाठी पाण्याचा गंज, म्हणजे पातेलं, ठेवला. आईनं धावत जाऊन तो उतरवला.

"शिकू नका जी! मंग देव माह्यं काहून ऐकन?"

चहा शेवटी मीच मांडला. बाबांना शिकवू की नको, तुम्हीच सांगा.