प्रिंटरच्या पैशांची म्हैस

विचारा, विचारा. कंपनी कशी उभी राहिली हे मला सगळेच विचारतात. पेपरवाल्यांना मी एक उत्तर देतो, ते छापतात, कात्रण भिंतीवर लागतं. पण तुम्ही घरचे. तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही, फक्त चहाचा कप आधी खाली ठेवा. खऱ्या उत्तरात माझी जी शोभा झाली ती ऐकून एकाच्या नाकातून चहा आला होता.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्या जळगावात शेअरचं वारं शिरलं होतं. दाढीला बसावं तर न्हावी गळ्याशी वस्तरा धरून विचारायचा, "सिमेंट घेऊ का स्टील?" अशा वेळी माणूस काय सल्ला देणार? घे बाबा, दोन्ही घे.

मीही त्यातलाच. जळगावच्या कडेला, पिंप्राळ्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत शेअरचे फॉर्म भरून द्यायचं ऑफिस टाकलं आणि रुबाबासाठी एक कॉम्प्युटर घेतला. तो काही करत नसे. गिऱ्हाईक आलं की मी तो चालू करायचो, गेलं की बंद.

मग फुगा फुटला. टेबल-खुर्ची मांडून शेअर विकणारे एकेक करून गायब झाले. दाराला कुलूप, कुलपावर पाटी आणि पाटीखाली शिव्या देणारी माणसं. मी पळालो नाही. त्यात शौर्य काही नव्हतं, घरच माझं होतं, पळणार कुठे?

उरला तो कॉम्प्युटर, आणि उरला सुधाकर. सुधाकर माझा शाळेपासूनचा मित्र, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. तो म्हणाला, "दिल्या, या डब्याला कामाला लावू." महिनेच्या महिने बसून त्यानं व्यापाऱ्यांसाठी एक प्रोग्रॅम लिहिला. मालाचा हिशेब ठेवायचा आणि बिल छापायचं, तेही मराठीत. त्या काळी कॉम्प्युटरला मराठी येतं हे सांगितलं तर लोक आमच्याकडे संशयानं बघायचे.

माल एक नंबर होता, फक्त कोणी घेईना. आम्ही दुकानाची पायरी चढलो की मालक म्हणायचा, "तुम्ही ते शेअरवालेच ना?" की संपलं. कॉम्प्युटर दिसला की लोकांना आपले बुडालेले पैसे आठवायचे.

शेवटी एकच माणूस बोलायला तयार झाला. धुळ्याचे घेवरचंदशेठ. घराणं मूळचं राजस्थानचं, पण पिढ्या धुळ्यात गेलेल्या. सरकीच्या ढेपेचा, म्हणजे गुरांच्या खुराकाचा मोठा व्यापार. शेठ म्हणाले, "भाऊ, आधी माझा धंदा बघा. बाजाराच्या दिवशी या, माझ्याबरोबर फिरा. मग मी जळगावला येऊन तुमचं मशीन बघतो. पटलं तर घेतो, आणि चार दुकानांत सांगतोसुद्धा."

म्हणजे आमचं सगळं घोडं त्या एका माणसापाशी अडलेलं. शेठना पटलं तर कंपनी, नाही पटलं तर सुधाकर मामाच्या पिठाच्या गिरणीत आणि मी कुठे, ते देवालाच ठाऊक.

सुधाकरनं होते नव्हते ते पैसे माझ्या खिशात घातले. "येताना धुळ्याहून प्रिंटर आण. बिल छापून दाखवल्याशिवाय शेठ मानायचे नाहीत. आणि हे बघ, गुपचूप जा, गुपचूप ये. कुठे नाक खुपसू नकोस."

त्याचं बरोबर होतं हो. मला सवयच तशी. केळी पिकवायच्या बंद खोलीत नेमकं काय करतात हे बघायला मी एकदा आत शिरलो होतो आणि बाहेरून कडी लागली होती. केळ्यांच्या आधी मी पिकलो. तरी सवय गेली नाही.

तर मी धुळ्याच्या गुरांच्या बाजारात पोचलो. शेठ आपल्या गिऱ्हाइकांशी बोलत पुढे निघाले आणि मी जागच्या जागी थांबलो. कारण समोर दोन माणसं एकमेकांचा हात धरून उभी होती आणि हातांवर रुमाल टाकलेला होता. रुमालाखाली बोटं हलत होती. चेहरे मात्र कोरे. ना शब्द, ना आकडा. मध्येच एकानं मान हलवली, हात काढला, चार पावलं गेला आणि परत येऊन पुन्हा रुमालाखाली हात घातला.

शेजारच्याला विचारलं, "काय चाललंय?" तो म्हणाला, "भाव चाललाय. बोटांनी. बाकीच्यांना कळू नये म्हणून."

आता तुम्हीच सांगा. मी हिशेबाचा प्रोग्रॅम विकायला निघालेला माणूस. माझ्या डोळ्यांदेखत भाव ठरतोय आणि मला ऐकू येत नाही, दिसत नाही. कुठलं बोट म्हणजे किती? चुकून भलतंच बोट धरलं तर? माझा जीव वरखाली व्हायला लागला.

थोडं पुढे एक आबा बसले होते. मागे त्यांची म्हैस, काळीभोर, शांत. आबांच्या खांद्यावर रुमाल. मी जवळ गेलो.

"आबा, रुमालाखाली भाव कसा करतात हो?"

आबांनी मला खालीवर पाहिलं. "म्हैस लेनी शे का?"

इथे "नाही" म्हणालो असतो तर विषय मिटला असता. पण नाही म्हटलं तर दाखवणार नाहीत, असं मला वाटलं. म्हणून मी मान अशी हलवली की तिचा अर्थ काहीही निघावा. आबांनी त्यांना हवा तो काढला.

"घाला हात."

घातला. वर रुमाल पडला. आबांनी माझी काही बोटं धरली, दाबली, सोडली, परत दुसरी धरली. मला गुदगुल्या व्हायला लागल्या.

"समजनं का?"

"समजलं, समजलं." कपाळ समजलं होतं. पण कोणी आपल्याला इतक्या आपुलकीनं शिकवत असेल तर आभार नकोत मानायला? मी आबांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि चांगला घट्ट हलवला.

आबा माझ्याकडे बघतच राहिले. मला नंतर कळलं, पहिला भाव म्हणजे नुसती सुरुवात असते. त्यावर समोरच्यानं हात झटकायचा, जनावराला नावं ठेवायची, पाठ फिरवून निघून जायचं नाटक करायचं, मग परत यायचं. पहिल्याच भावाला हात मिळवणारा माणूस त्या बाजारानं बघितला नसावा. आबांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि म्हशीचं दावं माझ्या हातात दिलं.

"सावलीमा बांधा. तिले ऊन सहन व्हत नही."

"अहो आबा, मी फक्त बघत होतो."

"हात दिन्हा ना?"

"दिला, पण..."

"मंग सौदा व्हई गया. बठ्ठा बजारनी दखं."

सगळा बाजार खरंच बघत होता. आमच्याभोवती कडं झालं होतं. तेवढ्यात शेठ गर्दीतून आत आले आणि कोणीतरी त्यांना कौतुकानं सांगितलं, "शेठ, तुमना पाव्हनानी म्हैस लिन्ही. पहिला भावमा."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होतो? नाही म्हटलं तर सगळ्या बाजारादेखत दिलेला हात मागे घेणारा माणूस ठरलो असतो, आणि तोही शेठचा पाहुणा. आधीच शेअरवाला म्हणून नाव झालेलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "हो शेठ. घ्यायचीच होती. घरचं दूध बरं असतं."

शेठ एवढंच म्हणाले, "अच्छा."

प्रिंटरचे पैसे आबांच्या कनवटीला गेले. मी आणि म्हैस टेम्पोच्या मागच्या बाजूला उभ्यानं जळगावला आलो. वाटेत ती माझ्याकडे बघत होती आणि मी रस्त्याकडे.

सुधाकर दारात वाट बघत होता. त्यानं प्रिंटरसाठी टेबल पुसून ठेवलं होतं.

"प्रिंटर कुठाय?"

"आधी पाणी दे."

"दिल्या, टेम्पोत काय आहे?"

मी सगळं सांगितलं. तो म्हशीभोवती एक चक्कर मारून आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "ही मराठीत छापते का?"

माझी बायको मंगल शिरपूरकडची, माहेरी गुरंढोरं पाहिलेली. तिनं म्हशीची कास बघितली, दात बघितले, मग माझ्याकडे बघितलं. "जनावर चांगलं आहे," ती म्हणाली. "तुमचंच काही कळत नाही."

शेठ येण्याचा दिवस ठरला. मे महिना. जळगावचा मे तुम्हाला सांगायला नको, दुपारी कावळासुद्धा सावली सोडत नाही. अशा उन्हात कॉम्प्युटर तापून बंद पडायचा, म्हणून सुधाकरनं आपल्या घरचा कूलर आणून आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीत बसवला आणि कॉम्प्युटरही तिथेच हलवला. आणि शेठ यायच्या आधी तो म्हणाला, "ती म्हैस दारात नको. आपण आधुनिक कंपनी. शेठला आल्या आल्या शेणाचा वास नको. मागे बांध."

मागे सावली एकाच ठिकाणी होती. खिडकीखाली. मी बांधली.

शेठ आले, बसले. मंगलनं ताक दिलं. सुधाकरनं कॉम्प्युटर चालू केला, बोटं मोडली आणि शेठचं नाव टाईप केलं. काळ्या पडद्यावर मराठी अक्षरं उमटली. शेठ खुर्चीतून पुढे झुकले. माझ्या मनात आलं, प्रिंटर नसला तरी जमतंय.

मग खोलीत गरम व्हायला लागलं आणि कुठूनतरी कर्र कर्र आवाज यायला लागला. सुधाकर मशीनला कान लावून बसला. त्याला वाटलं, डिस्क गेली. मला राहवलं नाही, मी खिडकीतून वाकून पाहिलं. आता कूलरच्या बाजूला लावलेलं ते ओलं, गार, वासाचं गवत. आपल्याला तो कूलर. तिला ते ताट वाढलेलं. एक बाजू चाटूनपुसून साफ झाली होती आणि दुसरी निम्मी झाली होती.

मी "हॅत हॅत" करेपर्यंत तिनं उरलेलं गवत जाळीसकट ओढलं. कूलर धाडकन खाली गेला. फ्यूज उडाला, पंखा थांबला आणि शेठचं नाव पडद्यावरून पुसलं गेलं.

सुधाकरनं डोळे मिटून घेतले. मामाची गिरणी त्याला समोर दिसत असावी. शेठ उठले, घराला वळसा घालून मागे गेले. आम्ही दोघं त्यांच्या मागे. म्हैस तोंडातून लोंबणारं गवत चघळत होती. शेठनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हीच ना ती?"

"हो शेठ."

"ठेवली तुम्ही?"

"ठेवली."

शेठ सुधाकरकडे वळले. "ते मशीन परत चालू होईल?"

"होईल शेठ, फ्यूज घातला की."

"मग बसवा माझ्याकडे. चार दुकानांचंही मी बघतो."

इथे शहाण्या माणसानं हात जोडले असते. पण मला कळायलाच हवं होतं. मी म्हणालो, "शेठ, पण मशीन तर बंद पडलं. बिलही छापून दाखवलं नाही. मग तुम्हाला पटलं काय?" सुधाकरनं माझ्या पायावर पाय दिला.

"मशीनचं मला काय समजतं भाऊ?" शेठ म्हणाले. "मागे एक टेबल-खुर्चीवाले आले होते, फार गोड बोलले. सकाळी जाऊन पाहिलं तर कुलूप. टेबल उचलता येतं. म्हैस बांधलेला माणूस कुठे जाणार? तिची रोज सकाळ-संध्याकाळ धार काढावी लागते. आणि सगळं गाव कागद घेऊन बुडालं, त्यानंतर ज्याला म्हैस घ्यायचं सुचलं, त्याचं डोकं ठिकाणावर आहे. त्या दिवशी बाजारातच मी ठरवलं होतं."

तोंड फक्त म्हशीचं चालू होतं.

तर अशी आमची कंपनी चालू झाली. शेठनी शब्द पाळला. ढेपवाले आले, दालमिलवाले आले, जिनिंगवाले आले. प्रत्येक जण पुढच्या खोलीत कॉम्प्युटर बघायचा, मान डोलवायचा आणि मग हळूच म्हणायचा, "जरा मागे जाऊन येऊ का?" मागे जाऊन आला की सही. सुधाकरनं रक्त आटवून लिहिलेला प्रोग्रॅम खान्देशभर गेला आणि चांगला चालला, यात वाद नाही. पण तो पहिल्यांदा विकला कोणी, हे त्याला आणि मला माहीत आहे.

पुढे बरकत आली, आणि माझ्या डोक्यात हवा गेली. भर बाजारपेठेत तिसऱ्या मजल्यावर ऑफिस घेतलं. काचेचं दार, एसी, लिफ्ट. उद्घाटनाला शेठ आले. आता वय झालेलं, हातात काठी. त्यांनी सगळ्या खोल्या बघितल्या, गॅलरीत डोकावून आले.

"छान आहे. पण भाऊ, तिला कुठे बांधली?"

मी मोठ्यानं हसलो. "शेठ, ती तर केव्हाच गेली. तिची रेडकं मंगलच्या माहेरी आहेत."

शेठ हसले नाहीत. त्यांनी एकदा लिफ्टकडे पाहिलं, एकदा काचेच्या दाराकडे, आणि काळजीच्या आवाजात म्हणाले, "म्हणजे आता तुम्ही केव्हाही जाऊ शकता."

त्या महिन्यात तीन जुन्या गिऱ्हाइकांचे फोन आले, सहज म्हणून. सगळं ठीक आहे ना, बाहेरगावी वगैरे जाणार नाही ना. मग आम्ही तिसरा मजला भाड्यानं दिला आणि मुकाट्यानं पिंप्राळ्याला परत आलो. मागे नवी शेड घातली. सुधाकर धुळ्याला जाऊन म्हैस घेऊन आला. मला त्यानं सोबत नेलं नाही.