व्याह्यांच्या माश्या

माशीला पाहुणीचा मान देणारा माणूस उभ्या झाडीपट्टीत एकच, आणि तो नेमका माझ्या लेकीचा सासरा निघावा, ही माझी पुण्याई. सिंदेवाहीला त्यांच्या मागच्या पडवीत मच्छरदाणीचे चार पिंजरे टांगलेले असतात. आत हिरव्या, चकाकत्या माश्या. घरात मटण आलं की काळजाची पहिली फोड माश्यांची, मग पाहुण्यांची. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात अळ्या वाटून, गाळून काढलेल्या अर्काच्या बाटल्या असतात. एकदा जावईबापू त्यातली एक ताक समजून पेल्यात ओतायला निघाले, तर व्याही लेकाला म्हणाले, "थांब बाप्पा, ते ओतू नको. मले लागते."

जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेल्या या माणसाला प्रश्न एकच पडलेला, आणि तो ते मला, विहिणीला, सारखा विचारत. "सडक्यात जन्मते, सडकं खाते, तरी अळीले रोग काऊन नाई होत, ईनबाई?" म्हणून अजूनही ते कॉलेजच्या लॅबमध्ये जातात आणि काचेच्या बशीत वाढवलेल्या जंतूंवर अर्काचा थेंब सोडतात. थेंबाभोवतीचे जंतू मरून स्वच्छ कडं उमटलं, की घरी पेढे. असे अर्क म्हणे विषाणूंवरही चालतात, असं मी कुठेसं वाचलेलं ऐकवलं, तर म्हणाले, "मी तपासलं नाई. न तपासलेलं मी बोलत नाई."

मी पडले नर्स. सोयरिकीच्या वेळी ती पडवी पाहून लेकीला कोपऱ्यात घेऊन म्हटलं होतं, "मुलगा चांगला आहे, पण सासरा उकळून घ्यावा लागेल." पुढे वर्षानुवर्षं मी त्यांच्या घरी पाणीसुद्धा माझ्या बाटलीतलं प्याले.

गेल्या वर्षी माझ्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. साखरेचा आजार जुना, अंगठा काळा पडू लागला. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी कापायला सांगितलं. मी सही न करता बस धरली आणि थेट व्याह्यांच्या पडवीत जाऊन पाय पुढे केला. "भाऊ, काढा तुमची बाटली."

ज्याची वाट ते अर्धं आयुष्य पाहत होते, ते हे वाक्य. ते उठले, साबणाने हात धुतले, पाय उजेडाकडे वळवून खूप वेळ पाहिला. फ्रिजकडेही पाहिलं. मग म्हणाले, "नाई, ईनबाई. बशीत जंतू मरते, हे खरं. पण बशीले रक्त नाई, साखर नाई, लेक नाई. उद्या विष वर चढलं तं सुनेले मी कोणतं तोंड दाखवू?"

"मी स्वतःहून म्हणते आहे ना?"

"म्हणूनच नाई म्हणून राह्यलो."

त्याच दुपारी गाडी करून ते मला चंद्रपूरला घेऊन निघाले. वाटेतलं मूल गाव येईपर्यंत मी रुसून होते. मग भीतीने तोंड उघडलं आणि कधीच कुणाला न सांगितलेलं सांगितलं. गडचिरोलीकडच्या दवाखान्यात मी तिशीची असताना जंगलातल्या एका गावाहून एक म्हातारबा आले होते, नडगीवर कुऱ्हाडीचा घाव, त्यात वळवळणाऱ्या अळ्या. मी टर्पेंटाईन ओतलं, चिमट्याने एकेक वेचली, वर म्हाताऱ्याला स्वच्छतेवर भाषण दिलं. अळ्यांखालचं मांस डाळिंबासारखं लाल, निर्मळ होतं. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, छान साफ केलीत." आणि मी, टोपी सावरत, अळ्यांच्या वाट्याचं ते कौतुक जसंच्या तसं घेतलं.

मला वाटलं, हसतील. त्यांनी विचारलं, "कोणत्या माशीच्या होत्या?"

"जाळल्या मी."

"अरेरे," म्हणाले. अळ्यांसाठी की माझ्यासाठी, कळलं नाही.

अंगठा गेला, पाय राहिला. आता ते थकलेत, थेंब बशीत तिरपा पडतो. परवा मी गेले तेव्हा माझ्या चपलेकडे पाहत त्यांनी हळूच विचारलं, "लावलं असतं तं राह्यलं असतं का जी बोट?" जन्मभर प्रत्येकाला देण्यासाठी माझ्याकडे उत्तर तयार असायचं. त्यांना मात्र म्हटलं, "माहीत नाही, भाऊ. कुणी तपासलं नाही."

त्यांनी समाधानाने मान हलवली. मग मी त्यांच्याच घरचं पाणी मागून प्याले.