गुणवंतकाकांचं विरजण

पहिल्या भेटीत गुणवंतकाकांनी माझ्यापुढे डावा हात केला. आमच्याकडे मुळात वयस्क माणूस पोरीबाळींशी हात मिळवत नाही, नमस्कारावर भागतं. त्यात हा डावा. मी पुसदच्या एका कारकुनाची मुलगी, वळण अंगात मुरलेलं. गोंधळून उजवा हात पुढे केला. दोन्ही हात एकमेकांत काही केल्या बसेनात. काकांनी ते अवघडलेलं प्रकरण तसंच धरून ठेवलं आणि विचारलं, "बसते काय, पोरी?"

"नाही."

"काहून? अंगठा तुलेबी आहे, मलेबी आहे. बोटंबी तेवढेच. तरी बसत नाई. बस, आपल्या कारखान्यात हेच काम आहे."

यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतला तो छोटासा औषधांचा कारखाना, आणि माझ्या पहिल्या नोकरीचा पहिला दिवस. एम.एस्सी.ला आम्हाला जे शिकवायला महिना लागला होता, ते काकांनी अर्ध्या मिनिटात उरकलं. एकाच औषधाचे रेणू दोन तऱ्हेचे असतात, उजव्या आणि डाव्या हातासारखे. एक दुखणं बरं करतो, दुसरा शरीरात नुसता फुकटचा पाहुणा. दोघांना वेगळं करायला आम्ही चिंचेतलं आम्ल घालून क्षार तयार करायचो. "चिंच एकाच हाताची असते. थे आपला गडी बराबर ओयखते," काका सांगायचे. स्वतः बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला नापास. "दोनदा," हे तेच वर जोडायचे, तेही छाती फुगवून.

उत्पादनाची सगळी जबाबदारी त्यांच्यावर होती. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, खिशात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि ज्या मोठ्या भांड्यात क्षार तयार व्हायचा त्याला ते म्हैस म्हणायचे. सकाळी आल्या आल्या त्याच्या पत्र्यावर थाप मारून म्हणत, "आज खुश दिसते बाप्पा आपली म्हैस." ती खूश आहे हे त्यांना कशावरून कळायचं, देव जाणे. पण त्यांचा अंदाज माझ्या तापमापकापेक्षा क्वचितच चुकायचा, आणि त्याचा मला रागही यायचा.

म्हशीचं एकच वाईट होतं. तो क्षार दोन रूपांत निघायचा. एक रूप कापसासारखं, मऊ आणि फुगीर. पावसाळी हवा लागली की त्याचा ओला गोळा व्हायचा. दुसरं साखरेच्या दाण्यासारखं टणक, वर्षभर ठेवलं तरी जसंच्या तसं. ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या पाळीतले अठरा जण वावर भावाच्या नाहीतर बायकोच्या भरवशावर टाकून आलेले, काकांचंही फुलसावंगीला कापसाचंच वावर. भांड्यातून कापूस निघाला की काका कपाळावर हात मारायचे. "बाहेर कापसाले कोनी विचारून नाई राह्यलं, अन् तुमी आतबी कापूसच पिकवता!" ज्यांच्या घरी कापूस पडून होता तेच सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

आणि एकदा, काकांनी भांडं फार सावकाश थंड केलं तेव्हा, दाणा आला. फक्त पहिला, छोटा घाणा. बहुतेक सगळा माल नमुना म्हणून खरेदीदार कंपनीकडे गेला. उरलेला काकांनी एका इवल्या बाटलीत भरून कपाटात ठेवला. त्यातलीच चिमूटभर भुकटी एका काचेच्या नळीत घातली, नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद केलं आणि माझ्या हातावर ठेवली. "घरी ठेवजो. कामी येईन." पहिल्या यशाची आठवण समजून मी ती पुसदला नेली. आईने पोरीच्या नोकरीची खूण म्हणून ती थेट देवघरात मांडली.

कंपनीचं उत्तर आलं: हाच दाणा हवा, दुसरं काही चालणार नाही, आणि आधी आमची माणसं कारखाना बघून जातील. स्वच्छता माझ्याकडे होती. मी कंबर कसली. चिठ्ठी नसलेली वस्तू दिसायला नको, असा मीच फतवा काढला. काकांच्या कपाटात खर्र्याच्या पुडीशेजारी बिनचिठ्ठीची बाटली सापडली. जुनाच कुठला तरी नमुना समजून मी ती बेसिनमध्ये रिकामी केली, चकचकीत धुतली आणि फळीवर पालथी घातली. पाहुणे खूश होऊन गेले. मालकांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "पंधरा दिवसांत दाणा गेला तर ठीक. नाही तर काम दुसरीकडे जाईल, आणि ही पाळी मला बंद करावी लागेल."

दुसऱ्या दिवशी काका कपाट उघडून उभे राहिले. "माहं इरजन कुठं गेलं?"

विरजण म्हणजे काय, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. दूध कितीही चांगलं असलं तरी विरजणाशिवाय दही लागत नाही, तसा जुना दाणा घातल्याशिवाय नवा सहजी येत नाही. पण बाटली मीच धुतली हे सांगायचं धाडस होईना, आणि घरच्या नळीची तर आठवणही झाली नाही. काकांनी विरजणाशिवाय घाणा लावला, कापूस. पुन्हा विरघळवला, पुन्हा लावला, पुन्हा कापूस. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अठरा जण डबे उघडून बसले होते. कोणी कोणाची थट्टा करत नव्हतं. ते मला सोसलं नाही. मी काकांसमोर जाऊन रडतच सगळं सांगून टाकलं.

काकांनी खर्रा तोंडात टाकला. "मले पह्यल्याच दिवशी समजलं होतं. बाटली पालथी दिसली ना फळीवर."

"मग बोलला का नाहीत?"

"इरजन तुह्यापाशी आहे, हे मले ठाऊक. बाटली कोनं धुतली, हे तुले ठाऊक. पह्यले कोन बोलते, थेच पाहून राह्यलो होतो. परवापर्यंत वाट पाहनार होतो, मंग तुह्या मायलेच फोन करनार होतो." आणि मग इतके हसले की चष्मा सुटून दोऱ्यावर लटकला. "आमच्या घरचं इरजन शेजारच्या घरीबी ठेवते. आपलं बिघडलं तं वाटी घेऊन जाता येते. तुले नळी काय शोभेले देल्ली होती?"

मी मिळेल त्या बसने पुसद गाठलं. आई देवघरातली नळी देईना. मुहूर्ताची वस्तू म्हणे. शेवटी अठरा घरांचा प्रश्न आहे म्हटल्यावर तिने स्वतःच ती रुमालात बांधून दिली, वर कुंकवाचं बोट लावून.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी कुंकू पुसलं, नळी फोडली आणि ती चिमूट आधी वाटीभर द्रावणात घातली. वाटीत दाणे आले. वाटीचे बादलीत, बादलीतले दुपारी म्हशीत. आम्ही सगळे काचेच्या झरोक्यापाशी डोकी घालून उभे. बराच वेळ नुसतं पाणी. मग आतून बारीक आवाज येऊ लागला, सुपात तांदूळ पाखडल्यासारखा. काकांनी पत्र्याला कान लावला आणि डोळे मिटले. "साखर आली रे!" कोणीतरी ओरडलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कारखान्यात नाचले. पाळी वाचली. त्यानंतर आमच्यातल्या प्रत्येकाच्या घरी एक नळी गेली, चिठ्ठी लावून. चिठ्ठीचा आग्रह मी सोडला नाही.

पुढे मी पुण्याला आले, काका निवृत्त होऊन फुलसावंगीला गेले. गेल्या वर्षी कळलं की अर्धांगाचा झटका येऊन त्यांची उजवी बाजू गेली. भेटायला गेले. ओसरीत खुर्चीवर बसले होते. बोलणं जड झालेलं, डोळे तेच. मला बघून त्यांनी डावा हात पुढे केला. तेवढाच उचलता येत होता. माझे डोळे भरून आले होते, आणि त्या घाईत मी आपला उजवाच हात दिला.

हात बसेनात. काका एकेक शब्द जुळवत म्हणाले, "अजून... नापासच... काय, पोरी?"

काकू खळखळून हसल्या, मीही हसले. हात बदलला. डावा डाव्यात गेला.

"बसला काय?"

"बसला, काका."

काकू दह्याची वाटी घेऊन उभ्या होत्या. पण काका हात सोडेनात, आणि मीही सोडवून घेतला नाही.