मुक्या पट्टीचा सूर

तिसगावला आईकडे रविवार घालवून मी एसटीनं नगरला परतत होते. करंजी घाटात मोबाईलची रेंज जाते. घाट संपला तसा फोन वाजला. साळवेबाईंची भाची सरोज बोलत होती. बाई दुपारी झोपेतच गेल्या, एवढं सांगून ती थांबली. खिडकीबाहेर काढणी झालेली रानं मागे सरकत होती आणि माझ्या उजव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप हलत होती... काय वाजवत होती, ते मला नगर येईपर्यंत कळलं नाही.

साळवेबाई नगरच्या एका चर्चमध्ये पियानो वाजवायच्या आणि घरी शिकवायच्या. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा छत्तीस वर्षांची होते, प्राथमिक शाळेत शिक्षिका. शाळेतून येताना त्यांच्या खिडकीखाली मी रोज दोन मिनिटं उभी राहायचे. एक दिवस बाईंनीच आत बोलावलं. माझी बोटं दाभणासारखी ताठ. "भाकरी थापताना मनगट कसं सैल सोडतीस? तसंच सोड की," त्या म्हणाल्या. मी सोडलं आणि खरंच पट्ट्या थापायला लागले. बाई हसल्या नाहीत, नुसतं "पुन्हा" म्हणाल्या. शाबासकी त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. बरं वाजलं तरी पुन्हा, वाईट वाजलं तरी पुन्हा. आधी उजवा हात, मग डावा, मग दोन्ही, तेही मुंगीच्या पावलानं. एक पान नीट वाजवायला मला वर्ष लागलं.

त्या पियानोची मधली एक पांढरी पट्टी मुकी होती. आतली हातोडी तुटलेली, त्यामुळे पट्टी दाबली की नुसतं टक व्हायचं. दुरुस्त करणारा माणूस पुण्याहून आणावा लागायचा आणि बाईंना त्याची कधी घाई नव्हती. त्यांचा नियम सोपा होता: ती पट्टी आली की बोटानं दाबायची आणि तो सूर तोंडानं गायचा. "गळा दिलाय ना देवानं," त्या म्हणायच्या. त्यांच्या खोलीत ऊन पडद्यातून गाळून यायचं, बाहेर कडुनिंब हलायचा, आणि त्या संथ सुरावटीत मध्येच बाईंचा एक सूर अलगद येऊन बसायचा. आता आठवताना पियानो कुठे संपायचा आणि बाई कुठे सुरू व्हायच्या, ते मला वेगळं काढता येत नाही.

बाईंच्या आग्रहानं मी पुण्याला परीक्षेला बसले. बाहेर बाकावर दहा-बारा वर्षांची मुलं, त्यांच्यात मी एकटी साडीतली. आतला पियानो धडधाकट होता, पण सवय कुठे जाते? ती पट्टी आली आणि मी खुशाल गायले. परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं, दाराबाहेर पोरं फिदीफिदी हसली. पास झाले खरी, पण परतताना रागानं माझे कान तापले होते. बाईंना सगळं सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "सूर बरोबर लागला हुता का?" त्या दिवसापासून मी गाणं बंद केलं. ती पट्टी आली की टक होऊ द्यायचं आणि पुढे जायचं. बाईंच्या लक्षात आलं असणारच. पण पुढची कित्येक वर्षं माझ्या वाजवण्यात ते भोक तसंच राहिलं.

शेवटच्या भेटीत बाईंचा आवाज गेलेला होता, गळ्याच्या ऑपरेशननंतर. चर्चमधल्या दोघी बायका भेटायला आल्या होत्या, सरोजनं चहा केला होता. बाई उठून पियानोपाशी बसल्या आणि मला शिकवलेलं ते पहिलंच पान त्यांनी वाजवायला घेतलं. मुकी पट्टी आली. टक. बाईंनी बोट तिथंच ठेवलं आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला कळलं होतं... सगळं कळलं होतं. पण त्या दोघी बघत होत्या आणि मला पुण्याची पोरं आठवली. मी चहाच्या कपात पाहत राहिले. सरोज म्हणाली, दमल्या असतील. बाईंनी बोट उचललं आणि पुढचे सूर वाजवून पान संपवलं. एक सूर मागितला होता त्यांनी, तोही मी दिला नाही. याची मला लाज वाटते, आणि ती जाणारी नाही.

परवा बाईंच्या घरी महिन्याच्या प्रार्थनेला गेले. पियानो आता चर्चच्या शाळेत जाणार आहे, त्याआधी पुण्याचा माणूस येऊन हातोडी बसवणार आहे, असं सरोजनं सांगितलं. माणसं पांगल्यावर मी तिला विचारून स्टुलावर बसले. स्टूल अजून बाईंच्या उंचीला होतं, मी ते फिरवलं नाही. तेच पान घेतलं. मुकी पट्टी आली, टक झालं, आणि मी गायले. सरोज दारात येऊन उभी राहिली, तरी थांबले नाही. सूर जरा उतरलाच. पान संपल्यावर मीच म्हटलं, "पुन्हा," आणि पहिल्यापासून सुरू केलं.