नातेवाईकाचा रकाना

उल्हासनगरच्या आमच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटर आले, कॅज्युअल्टी, ऑपरेशन थिएटर आणि आयसीयू एकमेकांना जोडले गेले आणि ते सगळं चालू ठेवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. काउंटरवर पेशंटची नोंद झाली की तिन्हीकडे दिसायची. पण 'नातेवाईक' हा रकाना भरल्याशिवाय नोंदच व्हायची नाही, आणि नोंद नाही तर आयसीयूत बेडही नाही. रस्त्यावरून बेशुद्ध उचलून आणलेल्या माणसाचे नातेवाईक आणायचे कुठून? प्रोग्राम लिहिणारा ठाण्यात बसून फोनवर सांगायचा, "मॅडम, ते कंपल्सरी आहे." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!

शेवटी वैतागून मी तिथे माझंच नाव आणि मोबाइल नंबर टाकायला लागले. खरा माणूस आला की नाव बदलायचं, एवढंच. सिस्टर चिडवायच्या, "मॅडम, तुमचा गोतावळा वाढला हो." मीही हसायचे. आई गेल्यापासून बदलापूरच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच होते आणि हॉस्पिटलशिवाय मला कोणाचा फोन येत नसे.

एका दुपारी वांगणीकडून एक म्हातारी आणली. भाजीचा भारा डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडताना टेम्पोने उडवलं होतं. पेशंट अनोळखी स्त्री, नातेवाईक मी. डोक्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सिस्टरचा फोन आला, "तुमची आजी शुद्धीवर आली बरं का." आयसीयूत भेटायचा पास एकच निघायचा, रकान्यातल्या नावाचा. आजवर मी कधी कोणासाठी काढला नव्हता. त्या दिवशी काढला आणि पाच वाजता आत गेले.

तिने माझा हात धरला. "बाय, माझा पोर आला का?"

"येईल," मी म्हटलं.

तिने तिचं नाव सांगितलं, पाड्याचं नाव सांगितलं आणि मग मुलाबद्दलच बोलत राहिली. टेबलाशी परत येऊन दोन मिनिटांत नोंद दुरुस्त करता आली असती, पोलीस चौकीला पाडा कळवता आला असता. मी ते उद्यावर टाकलं. खोटं कशाला बोलू, मला ते पाच वाजणं आवडलं होतं. पुष्कळ दिवसांनी कोणीतरी माझा हात सोडत नव्हतं. तिसऱ्या दिवशीही मी गेले, तिची नखं कापली आणि पुन्हा म्हटलं, येईल.

चौथ्या दिवशी तिच्या मेंदूत रक्त साकळलं आणि तिला व्हेंटिलेटरवर ठेवलं. तेव्हा कुठे घाबरून मी चौकीला फोन केला.

पाचव्या दिवशी सकाळी मुलगा आला. "मी परवा बी आलतो इथं," तो म्हणाला. कोणी अनोळखी बाई आणलीय का, असं त्याने काउंटरवर विचारलं होतं. तिथल्या नव्या मुलीने कॉम्प्युटरवर निघालेला पास बघून सांगितलं होतं, "एक है, पर उनकी रिश्तेदार मिलने आती हैं. वो आपकी माँ नहीं होगी." तो तसाच कल्याणला गेला, तिथून ठाण्याला, एकेक दवाखाना पालथा घालत. परवा म्हणजे ती बोलत होती.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, ती मी. मी माझं नाव खोडून त्याचं टाकलं, त्याच्या हातात पास दिला. तो आत जाऊन तिला हाका मारत बसला. तिने डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

जाताना तो मला शोधत आला. मी त्याला सांगितलं, आई म्हणत होत्या, पोराला वेळेवर जेवायला सांग. तो लहान मुलासारखा रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "कोन तरी आपलं मानूस होतं तिच्याजवळ, लय बरं झालं, ताई."

आणि तो माझ्या पाया पडला. मी पडू दिलं.