लाल ट्रॅक्टरचं स्थळ

पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला लागून सर्जेरावाची पेरूची बाग आहे. माणूस कामाला वाघ, बोलायला बरा, पण शक त्याच्या अंगात मुरलेला. खताची गोणी घेतली की दुकानदाराच्या तोंडावर तिची शिवण तपासणार. लग्नाची पत्रिका आली की, ‘आपल्याला कामून बोलावलं आसंल?’ म्हणून दिवसभर डोकं खाजवणार. त्याची बायको गोजरबाई येईल त्या पाहुण्याला सांगते, “आमच्या लग्नात अंतरपाट धरला व्हता, तवा बी हे वाकून बघत व्हते. पलीकडं दुसरीच पोरगी तर नाय ना उभी केली!”

दोन वर्षांखाली पोराच्या हट्टापायी घरात छोटा ट्रॅक्टर आला. पोरगा राजेंद्र वाळूजच्या कंपनीत नोकरीला. त्यानंच बघितला, त्यानंच ठरवला. शोरूमवाले हार घालून घेऊन आले. गोजरबाईनं कुंकू लावलं, नारळ फोडला, जो तो फोटो काढू लागला. सर्जेराव मात्र खाली वाकून टायरवरची तारीख वाचत होता. मग त्यानं चावी फिरवली. पुरती फिरायच्या आतच इंजिन चालू. त्यानं बंद केलं, परत चालू केलं, परत बंद केलं.

“इतकं सोपं कसं?” तो राजेंद्रला म्हणाला. “कायतरी लपवू राह्यलेत हे लोक.”

पण बागेत नेला तेव्हा त्याचं तोंड बंद झालं. मोठा ट्रॅक्टर पेरूच्या दोन ओळींत कधी घुसायचा नाही. घुसलाच तर फांद्या मोडून बाहेर यायचा. हे लहानगं मांजरावाणी फांदीखालून निघून गेलं. स्टेअरिंग एका बोटानं वळतंय, बांधाच्या कडेला जागच्या जागी फिरतंय, डोक्याला पानसुद्धा लागत नाही. सर्जेरावानं त्या दिवशी काम नसलेल्या ओळीतबी दोन चकरा मारल्या. घरी येऊन म्हणाला, “ठीक हाय.” आणि खांद्यावरच्या गमज्यानं बोनेट पुसायला लागला. गोजरबाई दारातून बघत म्हणाली, “लेकराचं तोंड कधी पुसलं नाय असं.”

लहानग्यानं शेतीचं काम अंगावर घेतलं, तसा सर्जेराव जुन्या ट्रॅक्टरांच्या मागं लागायला मोकळा झाला. बागेच्या कडेला पत्र्याचं शेड. तिथं त्यानं भंगारात निघालेले दोन ट्रॅक्टर जिवंत केले होते. रॉकेलमध्ये एकेक नट भिजवायचा, पॉलिश पेपरनं गंज काढायचा, रंग मारायचा आणि एक दिवस धूर सोडत तो मुडदा उठून बसायचा. ते बघायला शिवारातली माणसं जमायची. ती मजा दारूतबी नाही, असं त्याचं म्हणणं. आणि दारू त्यानं सोडलेली असल्यामुळं त्याला तुलना करता येत होती.

आता तिसरा राहिला होता. बापाचा लाल. वडिलांनी नवाकोरा घेतलेला, ह्याच बागेच्या जागी ज्वारी पेरलेला आणि मागच्या कैक वर्षांपासून बंद पडलेला. सर्जेरावानं त्याला नवे टायर घातले, रंग दिला, नांगर उचलायची लिफ्ट खोलून एकेक वायसर नवं टाकलं आणि तेल भरून दांडे वर चढवून ठेवले. सगळं झालं, फक्त गिअरबॉक्स फुटून जाम झालेला, त्यापायी इंजिनही फिरत नव्हतं. ह्या मॉडेलचा गिअरबॉक्स आता निघत नाही. सगळा भंगार बाजार पालथा घातला, मिळाला नाही. उपाय एकच होता. असाच दुसरा लाल शोधायचा आणि कापायचा. दोनाचा एक करायचा, ही ह्या धंद्यातली रीतच आहे. आधीचा एक ट्रॅक्टर त्यानं असाच उभा केला होता, आणि त्यासाठी कापलेल्याचा सांगाडा शेडच्या मागच्या कोपऱ्यात पडून होता.

मार्च लागला आणि अजिंठ्याकडून कचरूचा फोन आला. कुणाकडून तरी नंबर मिळालेला. त्याची भावजय भागूबाई, भाऊ अप्पाराव वारलेला, घरी तसाच लाल ट्रॅक्टर. चालू. द्यायचाय. भाव त्यानं असा सांगितला की भंगारवालाही लाजला असता.

“चालता ट्रॅक्टर एवढ्या कमीत?” सर्जेराव फोन ठेवून बायकोला म्हणाला. “दाल में काला हाय. चोरीचा तरी आसंल, नायतर इंजिन गेलेलं.”

“मग जाऊ नका.”

“जाणार तर. तू बी चल. बाईमाणूस सोबत आसलं की समोरचे नीट बोलतेत.”

दोघं एसटीनं गेले. भागूबाईच्या घरासमोर लिंबाखाली लाल उभा होता. सर्जेरावानं राम राम करायच्या आधी बोनेटवर तळहात ठेवला. ही त्याची पहिली परीक्षा. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवतात, म्हणजे थंड इंजिन सुरू होत नसल्याचा रोग कळत नाही.

बोनेट गरम होतं.

“व्वा!” सर्जेराव कचरूकडं बघून हसला. “सकाळपासून किती जणांनी ढकलला?”

कचरू काही बोलायच्या आत पाठीमागून आवाज आला. “ढकलायला काय झालं? आत्ता रानातून आणलाय मी.” साठीची, काटक, कासोटा घातलेली बाई, पायाला माती. “चाकं बघा की. हात लावायच्या आधी डोळे लावावं माणसानं.”

टायरच्या नक्षीत ताजी काळी माती होती, तिच्यात उपटलेल्या कपाशीच्या पऱ्हाटीची मुळं अडकलेली. गोजरबाईनं तोंडाला पदर लावला.

तरी सर्जेराव हटला नाही. ऑइल बोटावर घेऊन हुंगलं, रेडिएटरमध्ये डोकावला, रंगाखाली रंग आहे का ते नखानं खरवडून बघितलं. मग शेतात चक्कर मारून आला. इंजिनाचा आवाज त्याच्या ओळखीचा निघाला. बापाचा लाल असाच बोलायचा. आधी खोकायचा, मग एका सुरात घुमायचा. कैक वर्षांत हा आवाज कानावर नव्हता. गिअर लोण्यात सुरी फिरावी तसे पडत होते. फक्त लिफ्ट ढिली. नांगर वर घेतला की हळूहळू खाली बसायचा.

“लिफ्ट धरीत नाय,” तो उतरत म्हणाला.

“म्या लपवलंय का?” भागूबाई म्हणाली. “धरीतच नाय ती.”

“मग एवढा गुणी ट्रॅक्टर इकू कामून राह्यल्या?”

“मालक गेल्यापासून मीच चालवते. आता गुडघे गेले. क्लच दाबला की डोळ्यापुढं काजवे चमकतेत.” मग तिनं पदर खोचला आणि त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तुमी सांगा. तुमी भंगारवाले तर नाय?”

“छे! काय बोलता आक्का?”

“मग कशाला पायजे?”

“सांभाळायला,” सर्जेराव म्हणाला. गोजरबाई एकदम लिंबाच्या झाडाकडं बघायला लागली.

“दोन भंगारवाले असंच बोलले,” भागूबाई म्हणाली. “कमी भाव सांगितला तो कोण कोण धावत येतं ते बघायला. पोरगी द्यायच्या आधी घर बघतेत ना? मी येते तुमच्याकडं. घर पटलं तर बोलू.”

परतीच्या एसटीत सर्जेराव गमज्यानं बोटाचं ऑइल पुसत बसला. फुलंब्री गेल्यावर म्हणाला, “लई शकी बाई हाय.”

“व्हय ना,” गोजरबाई म्हणाली. “असं माणूस म्या कधी बघितलंच नाय.”

भागूबाई यायच्या दिवशी सर्जेरावानं दाढी केली, शेड झाडलं. मागच्या सांगाड्यावर ताडपत्री टाकली आणि तिच्यापुढं पेरूचे रिकामे क्रेट छातीएवढे रचले. बापाच्या लालची टूलबॉक्सची झाकणंसुद्धा पुसली. बायकोला बजावलं, “गिअरबॉक्सचं तोंडातून काढायचं नाय.”

“कांदेपोहे करू का? बघायला येतेत म्हणून म्हणते. पण आपण पोरीकडचे का पोराकडचे, ते सांगा, म्हंजी साखर त्या अंदाजानं टाकते.”

भागूबाई कचरूला घेऊन आली. रंगाकडं तिनं बघितलंच नाही. उभ्या ट्रॅक्टरांच्या खाली वाकून जमिनीवर तेलाचे डाग आहेत का ते बघितलं. चिंध्यांच्या ढिगात हात घालून बघितला. सर्जेराव तिच्या मागं मागं, आणि त्याच्या मनात एकच: हिची नजर नेमकी कुठं चाललीय?

छोट्या ट्रॅक्टरपाशी ती थांबली. “बसू का?”

बसली. क्लच दाबला, परत दाबला, आणि तिच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की कचरूसुद्धा चकित झाला. “अगं माय! ह्याला तर पाय लागलेलाबी कळत नाय.” पेरूच्या ओळीतून चक्कर मारून आली तेव्हा डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. उतरताना म्हणाली, “हे एवढं चांगलं लहानगं आसताना मोठा लाल कशाला लागतो, ते काय कळंना.”

“बापाची आठवण,” सर्जेराव म्हणाला.

“आठवणीला तुमच्याकडं एक लाल हायच की.” असं म्हणत ती क्रेटकडं वळली. “पेरूचा बहार तर कवाच संपला. मग क्रेट एवढे हाताशी कामून?”

कुणी उत्तर द्यायच्या आत तिनं वरचे दोन क्रेट बाजूला केले आणि ताडपत्री उचलली. खाली सांगाडा. चाकं नाहीत, बोनेट नाही, पोट उघडं. तिनं उघड्या दांड्यावर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. ग्रीस होतं, गंज नव्हता.

“कापला तवा चालता व्हता का?”

खोटं सर्जेरावाच्या ओठावर आलं होतं. पण जे हुंगून कळतं ते ह्या बाईला कळलेलं आहे, हे त्यालाही कळलं. दुसऱ्या कुणी त्याला असं फसवायला बघितलं असतं, तर त्यानं त्या माणसाला शिवारभर बदनाम केलं असतं.

“व्हता,” तो म्हणाला.

“म्हंजी माझाबी कापणार.”

“पुरा नाय. फक्त गिअरबॉक्स.”

“फक्त!” भागूबाई कचरूकडं वळली. “ऐकलं का? फक्त काळीज काढणार, बाकी सगळं सांभाळणार.” मग ती सरळ बापाच्या लालपाशी गेली, लिफ्टच्या दांड्यांना धरून लोंबकळली. दांडे तसूभर हलले नाहीत. “हा बंद. माझा चालता. चालता कापून बंद चालवायचा, हे कुठलं डोकं? हाच कापा. ह्याची लिफ्ट माझ्याला बसवा. मग घेऊन जा खुशाल.”

“बापाचा हाय तो!” सर्जेराव ओरडला.

“माझाबी मालकाचा हाय. मालक काय रस्त्यावर सापडला व्हता का?”

चहा तिनं उभ्यानंच घेतला आणि गेली.

पुढं कितीतरी दिवस सर्जेराव एकच बोलत राहिला. बाई घर बघायला नव्हतीच आली, लिफ्ट बघायला आली होती. कमी भाव हा सापळा होता. गोजरबाईनं ऐकून ऐकून एकदा विचारलं, “सापळ्यात तुमचं काय गेलं?” मग कचरूचा फोन आला, जळगावचं गिऱ्हाईक यायचंय म्हणून. “थाप आसंल,” सर्जेराव म्हणाला; पण जेवण गेलं नाही. शेडमध्ये जाऊन बापाच्या लालवर बसला. रंग चकचकीत, गादी नवी. चावी फिरवली तर गप्प. रंग आपल्याकडं, आवाज तिच्याकडं. थाप असली तर असली. खरी निघाली तर जळगावचा माणूस तो आवाज तोडून किलोवर विकणार.

पाना घेतला आणि लिफ्टचा पहिला बोल्ट त्यानं सैल केला. शिव्या देत केला, भागूबाईला आणि मधून मधून बापालाही.

सर्जेरावानं अट कबूल केली, तसा भागूबाईचा लाल टेम्पोतून पडेगावला आला, सोबत ती स्वतः. सर्जेरावानं बोनेट उचललं आणि तो जागीच थबकला. डिझेलच्या पंपावर छिन्नीची बारीक खूण. खाली वाकला तर गिअरबॉक्सवर खूण. रेडिएटरच्या बुडाशी, जिथं कुणी बघत नाही तिथं, पांढरा ठिपका. प्रत्येक मोठ्या वस्तूवर काही ना काही.

“हे काय?”

“मी अधूनमधून येत जाईन,” भागूबाई बाजेवर टेकत म्हणाली. “तवा बघायला बरं. माझं माझ्याच जागी हाय ना ते.”

सर्जेरावाचा चेहरा तापला. वीस माणसांच्या देखत कुणी चोर म्हटलं असतं तरी इतका तापला नसता. तो खूण न् खूण वाकून बघत गेला. पंपाच्या मागचीसुद्धा त्याला सापडली. अशा जागा त्यानं स्वतः निवडल्या असत्या.

मग तो शेडमध्ये गेला, छिन्नी-हातोडी घेऊन आला, आणि खोलून ठेवलेली बापाची लिफ्ट भागूबाईच्या पुढ्यात ओढली.

“आक्का, नीट बघा,” तो म्हणाला, “मी कुठं खूण करू राह्यलो ते. उद्या तुमी म्हणताल लिफ्ट तुमचीच व्हती.”

“बघू राह्यले,” भागूबाई म्हणाली आणि बाज पुढं सरकवली. “जरा खोल मारा. इतकी उथळ खूण कुणीबी घासून काढंल.”